परसातील कोंबड्यांसाठी मोडांचा हिरवा चारा
(केंद्रस्तरीय शिक्षक-सभेपुढील व्याख्यानाचा मजकूर)



माघ संपून फाल्गुन लागला की पठारावरील खेड्यांतून हिरवा रंग दिवसेंदिवस दुर्मिळ होत जातो. बांधावरचे गवत वाळते, ओढे आटतात, आणि चैत्र-वैशाखात परसात हिंडणाऱ्या कोंबडीला धुळीवाचून उकरावयास दुसरे काही उरत नाही. पावसाळ्यात हीच कोंबडी कोवळे तण, किडे, अळ्या यांवर आपला पुष्कळसा निर्वाह स्वतःच करीत असते. उन्हाळ्यात मात्र घरातून मिळणारे मूठभर दाणे आणि उष्टे-खरकटे एवढाच तिचा आधार राहतो. त्यातच उष्म्याने तिची भूक मंदावते. परिणामी अंडी कमी होतात, कवच पातळ होते आणि बलकाचा पिवळा रंग फिका पडतो.

ज्या घरी आठ-दहा कोंबड्या आहेत, त्या घरी हे नुकसान लहान नसते. अंड्यांचा पैसा हा बहुधा घरातील स्त्रीच्या हाती थेट येणारा पैसा होय. त्यातूनच तेलमीठ येते, मुलांची वही-पेन्सिल येते, आणि विकून उरलेली अंडी मुलांच्या ताटात पडतात. एका मध्यम आकाराच्या अंड्यात सुमारे ६ ग्रॅम उत्तम प्रतीची प्रथिने असतात, आणि त्याच्या बलकात अ-जीवनसत्त्व असते. यास्तव परसातील कोंबडीची उन्हाळ्यातील उपासमार ही अखेर मुलाच्या ताटापर्यंत येऊन पोहोचते, आणि म्हणूनच प्राथमिक शाळेने तिची दखल घेणे अप्रस्तुत ठरत नाही.

या अडचणीवरील एक सोपा उपाय म्हणजे घरच्या घरी धान्यास मोड आणून त्याचा कोवळा हिरवा चारा कोंबड्यांना घालणे. हा उपाय नवा नव्हे. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंड-अमेरिकेतील कोंबडीपालक हिवाळ्यात ओट नावाच्या धान्यास उबदार खोलीत मोड आणीत व ते कोंबड्यांना घालीत, कारण त्यांच्या परसातील हिरवळ बर्फाखाली गाडली जात असे. तेथे जे हिमाने होते, ते आपल्याकडे उन्हाने होते. उपाय मात्र दोन्हीकडे एकच लागू पडतो.

शिवाय महाराष्ट्रातील घरांस हे तंत्र अपरिचितही नाही. मटकी भिजवून, फडक्यात बांधून, तिला मोड आणणे हे प्रत्येक स्वयंपाकघरात चालते. नाचणीला मोड आणून, ती वाळवून व दळून, तान्ह्या मुलांसाठी तिचे सत्त्व करण्याची रीतही जुनीच आहे. आणि आश्विनातील घटस्थापनेस घटाभोवतीच्या मातीत पेरलेले धान्य नऊ दिवसांत वीतभर वाढते, हे तर लहान मूलही पाहत असते. देवघरातील अंधुक उजेडात वाढल्याने ते कोंब पिवळसर राहतात. तेच उजेडात वाढते तर हिरवे झाले असते. या एका निरीक्षणात आजच्या विषयाचे निम्मे शास्त्र सामावलेले आहे.

कृती

चाऱ्यासाठी मका अथवा गहू घ्यावा. मिळाल्यास जव अथवा बाजरीही चालते. दाणा अख्खा, न किडलेला व त्याच वर्षीचा असावा. पेरणीसाठी दुकानात मिळणारे बियाणे कधीही वापरू नये. त्यास बहुधा औषध चोळलेले असते, आणि ते ओळखू यावे म्हणून रंगही दिलेला असतो. असा दाणा कोंबडीला घालणे म्हणजे तिला विष घालणे होय.

प्रथम १०० दाणे मोजून ओल्या फडक्यात ठेवावेत व तीन दिवसांनी किती रुजले ते पाहावे. ८० पेक्षा कमी रुजले तर ते धान्य या कामास घेऊ नये, कारण न रुजलेले दाणे ओलाव्यात कुजतात व त्यांवर बुरशी धरते.

दहा कोंबड्यांच्या घरास रोज ५० ग्रॅम, म्हणजे साधारण एक मूठ, दाणे पुरेसे होतात. ते दोन-तीन पाण्यांनी धुवावेत, तरंगणारे पोकळ दाणे काढून टाकावेत व उरलेले रात्रभर भिजत घालावेत. सकाळी पाणी निथळून ते ओल्या फडक्यात बांधावेत. दुसऱ्या दिवशी मोडाचे टोक दिसू लागले की ते रोवळीत किंवा बारीक विणीच्या दुरडीत एकेरी-दुहेरी थराने पसरावेत. याहून जाड थर देऊ नये. जाड थर आतून तापतो व आंबतो. रोवळीऐवजी डब्याचे पत्र्याचे झाकण वापरावयाचे असल्यास त्याच्या तळाला खिळ्याने भोके पाडावीत. पाणी साचता कामा नये, हा या कामातील पहिला नियम होय.

रोवळी सावलीत, परंतु उजेडात ठेवावी. माठाच्या तिवईजवळची जागा यासाठी उत्तम, कारण तेथील हवा थंड असते. दिवसातून तीन-चार वेळा हाताने पाणी शिंपडावे. तांब्याने ओतू नये. कडक उन्हाच्या वेळी वर ओले फडके टाकावे. पाचव्या ते सातव्या दिवसापर्यंत कोंब चार-पाच बोटे उंच होतात. तोच चारा काढण्याची वेळ. याहून अधिक वाढू दिल्यास पात राठ होते, आणि लांब तंतू कोंबडीच्या गळ्याखालील अन्नपिशवीत अडकून राहण्याचा संभव असतो. म्हणून विळीवर चारा बारीक चिरूनच घालावा.

चारा रोज मिळावा म्हणून सात रोवळ्या ठेवाव्यात आणि त्यांना सात वारांची नावे द्यावीत. सोमवारची रोवळी सोमवारी भरावयाची व पुढील सोमवारी रिकामी करावयाची. रिकामी झालेली रोवळी घासून, धुऊन, कडक उन्हात चांगली वाळवावी व मगच पुन्हा भरावी. ती वाळेतो दाणे भिजत असतात, म्हणून वेळ वाया जात नाही. एका कोंबडीस दिवसाला २० ते २५ ग्रॅम ओला चारा पुरे होतो. तो सकाळी अथवा सायंकाळी, गारव्याच्या वेळी घालावा आणि तास-दोन तासांनी उरलेला उचलून टाकावा, कारण उन्हात तो लवकर आंबतो.

मिळते काय व मिळत नाही काय

या ठिकाणी शिक्षकाने विशेष सावध राहावयास हवे. एक किलो दाण्यांपासून पाच-सहा किलो, किंबहुना दहा किलो चारा होतो, अशी वाक्ये सर्वत्र कानावर पडतात. ती ऐकून घरातील माउलीला वाटते की आता दाण्यांचा खर्च वाचला. मग ती कोंबड्यांचे दाणे कमी करते, आणि थोड्याच दिवसांत अंडी आणखी घटतात. ज्या मुलाने ही युक्ती शाळेतून घरी नेली, त्याच्या शब्दावरचा विश्वास तेथेच संपतो, आणि शाळेच्या शब्दावरचाही.

खरा हिशोब असा आहे. ५० ग्रॅम मक्यात सुमारे ६ ग्रॅम ओल आणि ४४ ग्रॅम कोरडे द्रव्य असते. सात दिवसांनी त्याचा सुमारे २५० ग्रॅम चारा होतो हे खरे. परंतु त्या चाऱ्यात शंभरात ८५ भाग पाणी असते. म्हणजे कोरडे द्रव्य उरले ३७-३८ ग्रॅम. वजन पाचपट झाले आणि अन्न मात्र वाढण्याऐवजी घटले. ही घट कोठे गेली? बीज रुजताना श्वसन करते, आणि त्या श्वसनासाठी आपल्याच पोटातील पिष्ट खर्च करते. पाने उजेडात स्वतः अन्न तयार करू लागतात खरी, पण पहिल्या आठवड्यात हा जमाखर्च खर्चाच्याच बाजूने राहतो. वाढलेले वजन म्हणजे वाढलेले अन्न नव्हे, हे सूत्र फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवण्यासारखे आहे.

अंड्यावरची मोठी कोंबडी दिवसाला १०० ते १२० ग्रॅम कोरडे खाद्य खाते. गावरान कोंबडी अंगाने लहान असल्याने तिला त्याहून कमी पुरते. २५ ग्रॅम ओल्या चाऱ्यातून तिला जेमतेम ४ ग्रॅम कोरडे द्रव्य मिळते. तेव्हा हा चारा दाण्याची जागा घेऊ शकत नाही, हे उघड आहे.

मग तो करावयाचा तरी कशासाठी? तर जे दाण्यात नाही किंवा अत्यल्प आहे, ते मिळविण्यासाठी. हिरव्या पातीत कॅरोटीन असते. कोंबडीचे शरीर त्यापासून अ-जीवनसत्त्व तयार करते, आणि ते बलकात उतरते. पातीतीलच झँथोफिल नावाच्या द्रव्याने बलकास गडद पिवळा रंग येतो. दाणा रुजताना त्यातील पिष्टाची काही प्रमाणात साखर होते, आणि धान्यात बद्ध असलेला स्फुरद थोडाफार मोकळा होतो. उन्हाने मंदावलेली कोंबडी कोरडे दाणे टाकून ओला, गार चारा आवडीने टिपते. कोंडून ठेवलेल्या कोंबड्यांपुढे चाऱ्याची जुडी टांगली तर त्या तिच्याशी रमतात आणि एकमेकींची पिसे टोचण्याची त्यांची खोड काहीशी आवरते. हे लाभ खरे आहेत व पुरेसे आहेत. त्यांना फुगविण्याचे कारण नाही. घरात सांगावयाचे ते एवढेच: दाणे होते तेवढेच राहू द्या, कवचासाठी शिंपल्यांचा चुरा घालीत जा, आणि त्यावर हा हिरवा घास द्या.

जेथे पिण्याचे पाणीही टँकरने येते, तेथे रोवळ्यांचा आग्रह धरू नये. अशा गावी शेवग्याचा किंवा हादग्याचा कोवळा पाला बारीक करून घातला तरी पुष्कळ काम भागते. उपक्रमासाठी गाव नसून गावासाठी उपक्रम असतो.

दोन धोके

पहिला धोका ज्वारीचा. कणगीत ज्वारी असते, म्हणून मोड आणण्यासाठी सहजच तीच घेतली जाईल. परंतु ज्वारीचा दाणा निर्धोक असला तरी तिचे कोवळे कोंब निर्धोक नसतात. दाणा रुजू लागताच कोंबात धुरिन नावाचे द्रव्य साठू लागते, आणि त्यापासून हायड्रोसायनिक आम्ल हे तीव्र विष सुटते. पावसाने ओढ दिल्यावर शेतातील कोवळी ज्वारी खाऊन गुरे दगावतात, हा शेतकऱ्यांच्या अनुभवाचा विषय आहे. म्हणून ज्वारीचा चारा करू नये, ही सूचना मुलांच्या वहीत पहिल्याच पानावर उतरवून द्यावी. ज्वारी दाणा म्हणूनच घालावी. त्याचप्रमाणे वाल, पावटा, राजमा ही कच्ची कडधान्येही यासाठी वर्ज्य मानावीत.

दुसरा धोका बुरशीचा. १९६० साली इंग्लंडमध्ये टर्की पक्ष्यांची एक लाखाहून अधिक पिले अज्ञात रोगाने दगावली. शोधाअंती असे आढळले की त्यांना घातलेल्या भुईमुगाच्या पेंडीत एक बुरशी वाढली होती, आणि त्या बुरशीने निर्माण केलेले विष या मृत्यूंस कारण झाले होते. त्याच विषास पुढे अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले. खाद्याला आलेली बुरशी ही केवळ घाण नसून विष असू शकते, हे जगाला या घटनेने शिकविले.

बुरशी ओळखण्याची एक खूण मुलांना अवश्य शिकवावी. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मुळांवर बारीक पांढरी लव दिसते. ती पाहून पुष्कळ जण चारा फेकून देतात. पण ती मुळांची केसतंतुंची लव असते. पाणी शिंपडताच ती मुळाला चिकटून दिसेनाशी होते. बुरशी मात्र कोळ्याच्या जाळ्यासारखी एका दाण्यावरून दुसऱ्या दाण्यावर पसरते, पाण्याने जात नाही, तिचा रंग करडा, हिरवट वा काळा होतो, आणि तिला कुबट वास येतो. असे दिसल्यास ती संपूर्ण रोवळी खड्ड्यात पुरावी. वरवरचे काढून उरलेले घालण्याची काटकसर करू नये.

हिरवा चारा हे औषध नव्हे, हेही सांगणे अगत्याचे आहे. मानमोडी म्हणजे राणीखेत रोग लसीनेच टळतो, मोडांनी नव्हे. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लूचा प्रादुर्भाव झाला होता, याचे स्मरण ठेवून, कोंबड्या एकाएकी मरू लागल्यास मुलांनी त्यांना हात लावू नये व पशुवैद्यकीय दवाखान्यास तत्काळ कळवावे. खुराड्यातील कोणत्याही कामानंतर साबणाने हात धुणे हा तर नित्यनेम असावा.

वर्गातील उपयोग

या लहानशा कामात प्रत्येक इयत्तेस काही ना काही मिळते. पहिली-दुसरीच्या मुलांना सात रोवळ्यांवरून वार पाठ होतात. तिसरी-चौथीची मुले रोज एका कोंबाची उंची पट्टीने मोजून नोंदवितात. पाचवीच्या मुलांना १०० दाण्यांच्या उगवणीवरून शतमान म्हणजे काय हे न सांगता कळते. सहावी-सातवीच्या मुलांकडून पुढील प्रयोग करवावा. मक्याचे ५० ग्रॅमचे दोन वाटे घ्यावेत. एक कोरडा ठेवावा. दुसऱ्यास मोड आणून सातव्या दिवशी त्याचे वजन करावे. मग तो चारा, मुळांसह, चैत्राच्या उन्हात कुरकुरीत होईपर्यंत वाळवावा आणि पुन्हा तोलावा. पहिल्या वजनाला मुले टाळ्या वाजवितात; दुसऱ्या वजनाला वर्ग शांत होतो. त्या शांततेत जो प्रश्न उमटतो, तोच विज्ञानाचा खरा पाठ होय. जमल्यास एक रोवळी अंधारात ठेवून तिचे कोंब उजेडातील कोंबांशेजारी मांडावेत.

घरी अंड्यांची नोंदही ठेववावी: चारा सुरू करण्यापूर्वी १५ दिवस आणि नंतर १५ दिवस. अंडी वाढली तर लगेच चाऱ्याचा जयजयकार करू नये. त्या दिवसांत ऊन उतरले होते काय, एखादी खुडूक कोंबडी पुन्हा अंड्यावर आली काय, हे विचारावे. शेजारच्या, चारा न घातलेल्या कोंबड्यांची नोंद मिळाल्यास तुलना अधिक विश्वसनीय होते. एक गोष्ट दुसरीच्या नंतर घडली म्हणजे दुसरीमुळेच घडली असे नव्हे, हा विवेक मुलास या वयात लाभला तर तो त्यास जन्मभर पुरेल.

वर्गात सर्वच घरची मुले असतात. काही घरी कोंबडी पाळत नाहीत व अंडे खात नाहीत. त्या मुलांवर कसलीही सक्ती नसावी. त्यांनी तोच चारा शेळीला किंवा वासराला घालावा. शास्त्र तेच राहते.

कोंबड्यांच्या खाद्यासारखा विषय शाळेस हलका वाटत असल्यास एक इतिहास आठवावा. १८९० च्या सुमारास जावा बेटावर ख्रिस्तियान आइकमन हे डच वैद्य बेरीबेरी या रोगाचा शोध घेत होते. त्यांच्या प्रयोगशाळेच्या कोंबड्यांना तशाच प्रकारचा रोग जडला आणि काही काळाने तो आपोआप बरा झाला. चौकशी करता असे कळले की मधल्या काळात त्यांना लष्करी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातील पांढरा, सडलेल्या तांदळाचा भात घातला जात होता. पुढे नव्या आचाऱ्याने तो देण्याचे नाकारले, तेव्हा त्यांना असडी तांदूळ मिळू लागला व त्या बऱ्या झाल्या. आइकमन यांनी याचे प्रथम जे कारण लावले ते बरोबर नव्हते. पांढऱ्या तांदळात विष आहे असे त्यांना वाटले. त्यात विष नसून काहीतरी आवश्यक द्रव्य उणे आहे, हे १९०१ साली त्यांच्या मागून आलेल्या संशोधकाने दाखविले. परंतु निरीक्षण खरे होते व नोंद प्रामाणिक होती, म्हणूनच चूक पुढे दुरुस्त होऊ शकली. जीवनसत्त्वांच्या शोधाची वाट अशी कोंबड्यांच्या खुराड्यावरून गेली आहे, आणि १९२९ साली आइकमन यांस नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला तो याच कामाबद्दल.

हा उपक्रम फाल्गुनात सुरू करावा. तेव्हा शाळा भरलेली असते आणि रोवळ्यांतील चुका शिक्षकाच्या डोळ्यांसमोर सुधारता येतात. मे महिन्यात शाळेस सुट्टी लागेल, त्या वेळी ऊन सर्वाधिक असेल आणि परसात हिरवे पान नसेल. तोपर्यंत मुलाच्या हाताला दाणे निवडण्याची, पाणी बेताने शिंपडण्याची आणि वास घेऊन चारा पारखण्याची सवय झालेली असावी. ज्वारीला हात लावू नये, दाणे कमी करू नयेत व बुरशी आलेली रोवळी पुरावी, या तीन गोष्टी त्याला आईस स्वतःच्या शब्दांत सांगता आल्या, म्हणजे सुट्टीपूर्वी शाळेचे काम पुरे झाले असे समजण्यास हरकत नाही.